डाउनलोडवर आयात शुल्क: पैसा किती आणि हक्क कोणाचा

लंडनच्या प्रकाशकाचं छापील पुस्तक जहाजाने न्हावा शेव्याला उतरलं, की आयातदार बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचं घोषणापत्र, भरतो आणि किमतीवर ५ टक्के मूळ सीमाशुल्क देतो. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पाने हे शुल्क आणलं. तेच पुस्तक ई-बुक होऊन पुण्यातल्या वाचकाच्या फोनवर आलं, तर सीमाशुल्क शून्य. कस्टम्सला त्याचा पत्ताही लागत नाही.

हजार रुपये किंमत धरून हिशेब मांडू. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. मूळ सीमाशुल्काचे ५० रुपये जातात (अधिभार वगैरे बाजूला ठेवू). ई-बुकवर सीमाशुल्क नाही, पण त्याची छापील आवृत्ती निघालेली असेल तर ५ टक्के आयजीएसटी (राज्याबाहेरून किंवा देशाबाहेरून आलेल्या गोष्टींवर लागणारा जीएसटी) लागतो. म्हणजे पुन्हा ५० रुपयेच. ग्राहकाच्या खिशातून जाणारी रक्कम सारखी, सरकारला मिळणारीही सारखी. तरी जागतिक व्यापार संघटनेत डाउनलोडवर सीमाशुल्क लावायचं की नाही या एका प्रश्नावर पाव शतकाहून अधिक काळ ओढाताण होत आली आहे. कारण हे दोन ५० रुपये एका जातीचे नाहीत.

सीमाशुल्क फक्त बाहेरून येणाऱ्या मालावर लागतं. जीएसटी देशी आणि परदेशी, दोन्ही विक्रेत्यांच्या मालावर सारखाच लागतो. त्यामुळे जीएसटीने तिजोरी भरते, पण देशी उद्योगाला आडोसा मिळत नाही. सीमाशुल्काने दोन्ही होऊ शकतं. शिवाय पैशाची वाट वेगळी. सीमाशुल्क केंद्राचं. त्यातला ४१ टक्के भाग राज्यांना आणि त्या भागातला ६.३१७ टक्के महाराष्ट्राला, असं पंधराव्या वित्त आयोगाचं सूत्र होतं. म्हणजे सीमाशुल्काच्या १०० रुपयांतले जेमतेम २ रुपये ६० पैसे मुंबईच्या मंत्रालयापर्यंत पोहोचत. उलट महाराष्ट्रातल्या ग्राहकाने परदेशी ई-बुकवर भरलेल्या आयजीएसटीतला निम्मा वाटा थेट महाराष्ट्राचा, कारण हा कर जिथे उपभोग होतो त्या राज्याकडे जातो. दिल्लीत सीमाशुल्काचा आग्रह धरला जातो तेव्हा राज्यांचं हित त्यात आपोआप येतंच असं नाही, ही गोष्ट या चर्चेत सहसा कोणी काढत नाही.

आणि तिसरा फरक, ज्यावर सगळा वाद उभा आहे: जीएसटी लावायला भारताला कोणाची परवानगी लागत नाही. डाउनलोडवरच्या सीमाशुल्काबाबत मात्र भारताने इतर देशांबरोबर स्वतःचे हात बांधून घेतले, तेही १९९८ साली.

१९९८ मध्ये काय ठरलं

मे १९९८ मध्ये जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेची दुसरी मंत्रिपरिषद झाली. २० मे रोजी इलेक्ट्रॉनिक व्यापाराबद्दल एक छोटं घोषणापत्र निघालं. त्याचा सार असा, की ‘इलेक्ट्रॉनिक ट्रान्समिशन’वर सीमाशुल्क न लावण्याची सध्याची पद्धत सदस्य देश चालू ठेवतील. भारतात तेव्हा इंटरनेट म्हणजे विदेश संचार निगमचं डायल-अप कनेक्शन. गाणी कॅसेटवर, सिनेमे व्हीसीडीवर, सॉफ्टवेअर डब्यातून. तारेतून येणाऱ्या मालावर शुल्क लावायचं नाही, असं म्हणताना कोणाला काही सोडून देतोय असं वाटलं नाही, कारण तारेतून फारसं काही येतच नव्हतं.

ही स्थगिती तात्पुरती होती. ती पुढच्या मंत्रिपरिषदेपर्यंतच चालायची आणि मग तिचं नूतनीकरण व्हायचं. १९९९ ची सिअ‍ॅटलची आणि २००३ ची कान्कुनची परिषद फिसकटली, त्यामुळे मध्ये काही काळ ती कागदावर जिवंत होती की नाही हेही नीट सांगता येत नव्हतं. तरीही कोणी शुल्क लावलं नाही. पुढे हाँगकाँग, बाली, नैरोबी, ब्युनोस आयर्स करत ती लांबत गेली.

प्रत्येक मुदतवाढीमागे एक देवघेवही असायची. बौद्धिक संपदेच्या करारात अशी सोय आहे, की एखाद्या देशाने कराराचं कलम मोडलं नसलं तरी ‘तुमच्या धोरणामुळे आमचा अपेक्षित फायदा बुडाला’ अशी तक्रार दुसरा देश करू शकेल. औषधांच्या किमतींवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांना या तक्रारींची धास्ती. म्हणून त्यांवरही एक स्थगिती ठेवली गेली. ती विकसनशील देशांना हवी, डाउनलोडवरची अमेरिकेला हवी. दोन्ही बहुतेक वेळा जोडीने पुढे सरकल्या. भारत दर वेळी विरोध नोंदवून शेवटी होकार का देतो, याचं एक उत्तर या जोडीत आहे.

२ मार्च २०२४ ला अबूधाबीत तेराव्या परिषदेने मुदत वाढवली, पण भाषा कडक ठेवली: चौदावी परिषद किंवा ३१ मार्च २०२६, यांतलं जे आधी येईल तोवर, आणि त्या तारखेला स्थगिती संपेल. चौदाव्या परिषदेसाठी ठिकाण ठरलं कॅमेरूनची राजधानी याउंदे.

तारेवर कर की तारेतून आलेल्या मालावर?

‘इलेक्ट्रॉनिक ट्रान्समिशन’ म्हणजे काय, याची व्याख्या १९९८ च्या घोषणापत्रात नाही. ती नंतरही झाली नाही. अमेरिका आणि युरोप म्हणतात, त्यात मजकूरही आला: सिनेमा, गेम, सॉफ्टवेअर, सगळं. इंडोनेशियाने २०१७ ला ब्युनोस आयर्समध्ये नोंदवून ठेवलं, की आमच्या समजुतीप्रमाणे स्थगिती फक्त वहनाला लागू आहे, वाहून आणलेल्या मालाला नाही. भारत आणि दक्षिण आफ्रिकेनेही २०१८ पासूनच्या निवेदनांत आधी व्याप्ती ठरवा, मग मुदतवाढीचं बघू, असा धोशा लावला.

भारतीय कायद्याच्या नजरेने पाहिलं तर सॉफ्टवेअर हा ‘माल’ असू शकतो याबद्दल फारशी शंका नाही. असोसिएटेड सिमेंट कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सांगितलं, की आराखडे आणि तांत्रिक माहिती कागदावर किंवा डिस्कवर आली की ती सीमाशुल्काच्या दृष्टीने माल आहे आणि किंमत धरताना कोऱ्या कागदाची नाही, त्यावरच्या माहितीची धरायची. २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात डब्यातून विकलं जाणारं तयार सॉफ्टवेअरही विक्रीकरासाठी माल ठरलं. पण दोन्ही निकालांत माहिती कशावर तरी बसून आली होती. हातात धरायला काहीच नसेल तर सीमाशुल्क कायद्यातली ‘आयात’, म्हणजे भारताबाहेरून भारतात आणणं, नेमकी कुठे घडते?

हा प्रश्न वकिली वाटेल, पण पैसा इथेच अडतो. तुम्ही अमेरिकन कंपनीचा सिनेमा लावता तेव्हा तो बहुधा अमेरिकेतून येतच नाही. त्याची प्रत आधीच मुंबईतल्या किंवा चेन्नईतल्या डेटा सेंटरमध्ये ठेवलेली असते. सीमा एकदाच ओलांडली गेली, पाहणारे मात्र लाखो. शुल्क एका प्रतीवर घ्यायचं की प्रत्येक पाहण्यावर? आणि मासिक वर्गणीत हजारो सिनेमे असतील, तर एका सिनेमाची आयात किंमत किती?

बुडालेल्या महसुलाचे आकडे

या वादात सगळ्यात जास्त उद्धृत होणारा आकडा अंक्टाड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास संस्थेच्या २०१९ च्या अभ्यासाचा आहे. त्यात ४९ अशा वस्तू घेतल्या ज्या पूर्वी बंदरातून यायच्या आणि आता इंटरनेटवरून येऊ शकतात: सिनेमा, छापील साहित्य, ध्वनिमुद्रणं, सॉफ्टवेअर, व्हिडिओ गेम. त्यांचा ऑनलाइन व्यापार किती असेल याचा अंदाज बांधला आणि त्याला शुल्काचा दर लावला. निष्कर्ष असा, की विकसनशील देशांचं वर्षाला सुमारे १० अब्ज डॉलरचं नुकसान आणि श्रीमंत देशांचं फक्त २८.९ कोटी डॉलरचं. पुढे २०२२ मध्ये साउथ सेंटर या विकसनशील देशांच्या संस्थेच्या शोधनिबंधाने २०१७ ते २०२० या चार वर्षांसाठी ५६ अब्ज डॉलरचा आकडा दिला. त्यातले ४८ अब्ज विकसनशील देशांचे आणि ८ अब्ज अतिगरीब देशांचे.

दुसऱ्या बाजूला ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या हिशेबाने हे नुकसान सरकारांच्या एकूण महसुलाच्या सरासरी ०.१ टक्क्याच्या आसपास भरतं. ब्रुसेल्सच्या ईसीआयपीई या संस्थेने तर २०१९ मध्ये उलटाच हिशेब मांडला: शुल्क लावलं तर भारताला जेवढा महसूल मिळेल त्याच्या ४९ पट नुकसान सकल उत्पादनात होईल. इंडोनेशियासाठी हा पट १६० होता.

एकाच गोष्टीचे इतके वेगळे आकडे कसे? अंक्टाडच्या १० अब्जांमागे ‘बांधील दर’ आहे, म्हणजे संघटनेला दिलेल्या शब्दाप्रमाणे एखादा देश जास्तीत जास्त जेवढं शुल्क लावू शकतो तो दर. प्रत्यक्षात देश त्याहून बरंच कमी लावतात. भारताचा सरासरी बांधील दर ५० टक्क्यांच्या वर, तर प्रत्यक्ष सरासरी १७ टक्क्यांच्या आसपास. मग असंही गृहीत आहे, की शुल्क लागलं तरी लोक तेवढंच डाउनलोड करतील. तसं होत नसतं. काही जण घेणं सोडतील, काही चोरटी प्रत शोधतील. ओईसीडीच्या आकड्यात उलटी अडचण आहे. सरासरी ०.१ टक्का म्हणताना ज्या छोट्या देशांची तिजोरी अजून बंदरावरच चालते ते त्या सरासरीत दिसेनासे होतात. आणि ४९ पटीचा आकडा एका प्रारूपातून येतो, ज्यात इतर देशही भारतीय सेवांवर उलटं शुल्क लावतील असं धरलेलं आहे.

माझ्या मते तिन्ही आकडे एका टोकाला नेलेले आहेत. पण दिशा विचारली तर भारतापुरती रक्कम लहान आहे. १९९०-९१ मध्ये केंद्राच्या एकूण करमहसुलात सीमाशुल्काचा वाटा जवळजवळ ३६ टक्के होता. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पी अंदाजात तो ४२.७० लाख कोटींपैकी २.४० लाख कोटी, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या थोडा वर. त्यातला डाउनलोडचा संभाव्य तुकडा काढला तर हाती फार लागत नाही.

मग अडून का बसायचं? मुंबईची जकात आठवून बघा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि महापालिकेची वर्षाला सुमारे ७,००० कोटी रुपयांची जकात बंद झाली. राज्याने कायदा करून दरवर्षी ८ टक्के वाढीने भरपाई बांधून दिली. पालिकेचा पैसा बुडाला नाही. पण दर कमी-जास्त करायचा, एखाद्या मालाला सूट द्यायची, एखाद्यावर जास्त लावायचं, हे तिच्या हातून गेलं आणि हप्त्यासाठी राज्याकडे बघणं आलं. मिळकत आणि मिळकत ठरवण्याचा अधिकार या दोन वेगळ्या चिजा आहेत. वित्तीय सार्वभौमत्व म्हणतात ते दुसऱ्या चिजेला.

खरंच वसूल करायचं ठरवलं तर

इंडोनेशियाने हे करून पाहिलं, निदान अर्ध्या वाटेपर्यंत. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांच्या अर्थमंत्रालयाने शुल्कपुस्तकात ९९ वा अध्याय घातला: ऑपरेटिंग सिस्टिम, ॲप्लिकेशन सॉफ्टवेअर, मल्टिमीडिया अशा ‘अमूर्त माला’चे क्रमांक तयार केले आणि सगळ्यांसमोर दर लिहिला शून्य. शून्य टक्क्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असं तेव्हा अनेकांनी विचारलं. उत्तर सोपं आहे. क्रमांक तयार असेल तर उद्या शून्याच्या जागी ५ लिहायला एक आदेश पुरतो. जानेवारी २०२३ पासून तर पैसे दिल्यापासून ३० दिवसांत आयात घोषणापत्र भरण्याचीही सक्ती आली.

घोषणापत्र भरायला बसलेल्या माणसाचं काम काय काय असतं ते पाहू. मालाचा वर्ग ठरवायचा: डिझाइनचं सॉफ्टवेअर विकत घेतलंय, की क्लाउडवर वापरण्याचा परवाना? पहिलं माल, दुसरं सेवा, आणि सेवेवर सीमाशुल्क नसतं. त्यामुळे शुल्क आलं की विक्रेते डाउनलोड बंद करून सगळंच ‘वर्गणी’ करतील. ती वाटचाल तशीही चालूच आहे. मग किंमत. फुकट ॲपची किंमत किती, ज्याची कमाई जाहिरातीतून होते? मग मूळ देश. कोड बंगळुरूत लिहिला, चित्रं पोलंडमध्ये काढली, बिल आयर्लंडहून आलं; मुक्त व्यापार कराराची सवलत कोणत्या देशाच्या नावाने द्यायची? आणि शेवटी आयातदार कोण? कंपनीने विकत घेतलं तर ठीक, पण शंभर रुपयांचा गेम उतरवणाऱ्या मुलाकडून घोषणापत्र कोण भरून घेणार? म्हणून वसुली शेवटी विक्रेत्याच्या किंवा पैसे वळते करणाऱ्या मध्यस्थाच्या गळ्यात घालावी लागते, आणि ती यंत्रणा जीएसटीसाठी आधीच उभी आहे.

त्याहून मोठा तोटा देशातल्या कारखानदाराचा. चाकणच्या एखाद्या उद्योजकाने १० लाख रुपयांचं परदेशी डिझाइन सॉफ्टवेअर घेतलं असं धरू. आज तो रिव्हर्स चार्जने (विक्रेत्याऐवजी खरेदीदारानेच कर भरण्याच्या पद्धतीने) १८ टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार रुपये आयजीएसटी भरतो आणि तेवढंच क्रेडिट घेतो, म्हणजे आपल्या इतर जीएसटीतून वजा करतो. निव्वळ खर्च १० लाख. समजा उद्या १० टक्के सीमाशुल्क आलं. ते १ लाख, वर ११ लाखांवर आयजीएसटी १ लाख ९८ हजार. आयजीएसटीचं क्रेडिट मिळेल, मूळ सीमाशुल्काचं मिळत नाही. निव्वळ खर्च ११ लाख, आणि तो एक लाख त्याने बनवलेल्या प्रत्येक सुट्या भागाच्या किमतीत मुरणार. जो कर करमणुकीवर लावल्यासारखा वाटतो, त्याचा बराच भार असा उत्पादनाच्या साधनांवर पडतो. शुल्क लावायचंच असेल तर ते अंतिम ग्राहकाच्या मालापुरतं ठेवावं लागेल, आणि त्यासाठी पुन्हा वर्गीकरणाच्या त्याच दलदलीत उतरावं लागेल.

इंडोनेशियाचा प्रयोग दरापर्यंत पोहोचलाच नाही. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेबरोबरच्या संयुक्त निवेदनात त्याने अमूर्त मालाचे ते शुल्क क्रमांक काढून टाकण्याचं, घोषणापत्राची सक्ती थांबवण्याचं आणि कायमस्वरूपी स्थगितीला पाठिंबा देण्याचं कबूल केलं. बदल्यात अमेरिकेने इंडोनेशियन मालावर जाहीर केलेलं ३२ टक्के शुल्क १९ वर आणलं. शून्य दराच्या पाच-सात ओळींची किंमत एवढी होती, हे यातून कळतं.

बाकीचे मार्ग कुठवर जातात

सीमाशुल्क नको म्हणणाऱ्यांचं नेहमीचं उत्तर असतं: देशांतर्गत कर लावा की, कोण अडवतंय? हे जीएसटीबाबत खरं आहे. परदेशातून थेट ग्राहकाला डिजिटल सेवा विकणाऱ्याला भारतात नोंदणी करावी लागते, सर्वसाधारणपणे १८ टक्के आयजीएसटी गोळा करावा लागतो आणि पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत जीएसटीआर-५ए हे विवरणपत्र भरावं लागतं. भारतात कार्यालय असण्याची गरज नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून या सेवांची व्याख्या आणखी रुंद केली. ‘मानवी हस्तक्षेप नाममात्र’ असण्याची अट काढून टाकल्यामुळे पळवाटा कमी झाल्या. दक्षिण आफ्रिकेने असाच कर २०१४ मध्ये आणला. वसुली सोपी, मोजकेच मोठे विक्रेते, आणि उद्योगांना क्रेडिट. कर म्हणून हे सीमाशुल्कापेक्षा सरस आहे.

पण जीएसटी भरतो ग्राहक. विक्रेत्याच्या नफ्याला तो हात लावत नाही. नफ्यावर कर घ्यायला गेलं, की दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार आडवे येतात: कंपनीचं भारतात ‘कायम आस्थापन’, म्हणजे कार्यालयासारखं व्यवसायाचं कायमचं ठिकाण, नसेल तर तिच्या व्यावसायिक नफ्यावर भारताला कर नाही. भारताने आयकर कायद्यात ‘लक्षणीय आर्थिक उपस्थिती’ची कल्पना आणली आणि वर्षाला २ कोटी रुपयांची उलाढाल किंवा ३ लाख वापरकर्ते अशी मर्यादा ठरवली. पण जिथे करार आहे तिथे करदात्याला कराराची सोयीची तरतूद घेता येते, त्यामुळे अमेरिका किंवा आयर्लंडच्या कंपनीपुढे ही कल्पना लंगडी पडते. सॉफ्टवेअरच्या किमतीला रॉयल्टी म्हणून कर कापण्याचा मार्गही मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद केला: तयार सॉफ्टवेअर वापरण्यासाठी दिलेले पैसे करारांच्या अर्थाने रॉयल्टी नाहीत.

राहिला उलाढालीवरचा कर. १ जून २०१६ पासून भारताने परदेशी कंपन्यांना दिलेल्या ऑनलाइन जाहिरातींच्या पैशांवर ६ टक्के समकरण शुल्क लावलं; लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘गुगल टॅक्स’. १ एप्रिल २०२० पासून परदेशी ई-कॉमर्स चालकांच्या विक्रीवर आणखी २ टक्के. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधींनी हे दुसरं शुल्क भेदभावाचं ठरवलं आणि मार्चमध्ये भारतातून जाणाऱ्या मालावर २५ टक्क्यांपर्यंत शुल्काचा प्रस्ताव ठेवला. प्रस्तावित यादीत कोळंबी आणि बासमती होते, सोन्याचांदीचे दागिनेही होते. वाद डिजिटल कंपन्यांचा आणि मार कोळंबी सोलणाऱ्यांना. २ टक्क्यांचं शुल्क १ ऑगस्ट २०२४ ला गेलं, ६ टक्क्यांचं १ एप्रिल २०२५ ला. कॅनडाने जून २०२५ च्या अखेरीस आपला डिजिटल सेवा कर मागे घेतला, तोही अमेरिकेने वाटाघाटी थांबवल्यावर. केनियाने मात्र १.५ टक्क्यांचा कर मोडून डिसेंबर २०२४ पासून त्याच्या जागी आर्थिक उपस्थितीवरचा नवा कर आणला.

म्हणजे ‘दुसरा कर लावा’ म्हणणारेच त्या दुसऱ्या करावर उलट शुल्काची धमकी देतात. हे एकत्र ठेवून पाहिलं, की भारत आणि दक्षिण आफ्रिका स्थगिती कायम करायला का तयार नाहीत हे समजतं. डाउनलोडवर शुल्क हा वाईट कर आहे, असं मला वाटतं. पण वाटाघाटीच्या टेबलावर तो न वापरता हातात ठेवणं आणि काही न घेता कायमचा सोडून देणं यांत फरक आहे. नफ्यावरच्या कराचा न्याय्य वाटा मिळेपर्यंत हा पत्ता हातचा सोडू नये, ही भूमिका मला पटते. ‘यातून तिजोरी भरेल’ हा युक्तिवाद पटत नाही.

भारतातही सगळे एका बाजूला नाहीत. जागतिक व्यापार संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२३ मध्ये भारताने इंटरनेटवरून पोहोचवलेल्या सेवांची निर्यात सुमारे २५७ अब्ज डॉलरची होती. पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांना हवंय, की जगात कोणी अशा गोष्टींवर शुल्क लावूच नये, आणि त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर आहे.

स्थगिती नसेल तेव्हा

स्थगिती उठली म्हणून दुसऱ्या दिवशी नेटफ्लिक्स महाग होत नाही. ती उठणं म्हणजे फक्त मनाई उठणं. भारताला शुल्क लावायचं तर सीमाशुल्क दर कायद्याच्या अनुसूचीत नवे क्रमांक घालावे लागतील, ‘आयात’ आणि ‘आयातदार’ यांच्या व्याख्या डाउनलोडला लागू पडतील अशा कराव्या लागतील, आणि बिल ऑफ एंट्रीऐवजी मासिक विवरणपत्रासारखं काहीतरी आखावं लागेल. बऱ्याच देशांचे हात तर दुसरीकडेच बांधलेले आहेत. प्रशांत महासागराभोवतीच्या देशांच्या सीपीटीपीपी करारात डाउनलोडवर, आतल्या मजकुरासकट, सीमाशुल्काला कायमची बंदी आहे. आशिया-प्रशांत भागातल्या देशांच्या आरसेप व्यापार करारात मात्र स्थगिती पाळा, पण जागतिक संघटनेचा निर्णय बदलला तर तुम्हीही बदलू शकता, अशी मोकळीक ठेवली आहे. भारत दोन्हींत नाही.

भारताला अडवणारी गोष्ट जुनी आहे: १९९७ मध्ये स्वीकारलेला माहिती तंत्रज्ञान करार. त्यात ठरलेल्या वस्तूंवर, डिस्कवरून येणाऱ्या सॉफ्टवेअरवरही, शून्य शुल्काचा शब्द दिलेला आहे. डिस्कवर शून्य आणि डाउनलोडवर ५ टक्के असा कायदा केला तर ‘हा तोच माल आहे’ म्हणून तक्रार येणार हे उघड आहे. अशा तक्रारी कशा निघतात याचा अनुभव ताजा आहे. भारताने मोबाइल फोनवर शुल्क लावलं तेव्हा युरोपीय संघ, जपान आणि तैवान तंट्यात गेले. भारताचं म्हणणं होतं, की १९९७ ला शब्द दिला तेव्हा स्मार्टफोन नव्हतेच. एप्रिल २०२३ मध्ये तंटा समितीने ते मानलं नाही. अपील करायचं तर डिसेंबर २०१९ पासून अपील मंडळात पुरेसे सदस्यच नाहीत, त्यामुळे अशी प्रकरणं तिथेच लोंबकळत राहतात. ‘इलेक्ट्रॉनिक ट्रान्समिशन’ या शब्दांवर व्याख्येशिवाय कायमची सही झाली, तर पंधरा वर्षांनी त्रिमितीय छपाईसाठी फाइल म्हणून येणारा यंत्राचा सुटा भागही त्यात मोडतो का, हे ठरवताना याच निकालाचे दाखले दिले जातील.